अमेरिकेत महिला कॉलेज बास्केटबॉलचं कोचिंग: मॅनेजरच्या कामापासून हेड कोचच्या करारापर्यंत

अमेरिकेतल्या कॉलेजात महिला बास्केटबॉल संघाचं कोच व्हायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेसारखा ठरलेला डिप्लोमा नाही, फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाची कोचिंग लेव्हल कोणी विचारत नाही. जाहिरातीत 'पदवी आवश्यक, पदव्युत्तर असल्यास प्राधान्य' एवढंच असतं. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याचा समज होतो की हे क्षेत्र नावाजलेल्या खेळाडूंसाठी राखलेलं आहे. खेळल्याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण सुरुवातीच्या नोकऱ्या मिळतात त्या 'याला काम सांगितलं की परत बघावं लागत नाही' या ख्यातीवर. ती ख्याती कुठल्या कामांतून तयार होते आणि कुठे बिघडते, ते इथे क्रमाने घेतलं आहे.

आधी नकाशा

कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या मुख्य संघटनेच्या तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन एकमध्ये महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ, दोनमध्ये तीनशेच्या आसपास, तीनमध्ये चारशेहून जास्त. शिवाय एनएआयए ही छोट्या कॉलेजांची संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं वेगळी. टीव्हीवर दिसणारे संघ डिव्हिजन एकच्याही वरच्या थरातले. साउथ कॅरोलायनाच्या हेड कोच डॉन स्टेली यांचा विद्यापीठाबरोबरचा २०२५ मधला करार वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरचा आहे. त्या आकड्याकडे बघून कोणी या क्षेत्रात येऊ नये. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच देता येत नाही. तिथला असिस्टंट कोच बऱ्याचदा अर्धवेळ असतो, नाहीतर त्याच पगारात जिमचं वेळापत्रक किंवा दुसऱ्या खेळाचा संघ सांभाळतो.

डिव्हिजन एकमध्ये हेड कोच आणि पाच असिस्टंट ठेवता येतात. २०२३ पासून दोन जागा वाढल्या, पण त्या दोघांना बाहेर रिक्रूटिंगला (नव्या खेळाडू शोधायला) जाता येत नाही. याशिवाय डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स (प्रवास, हॉटेल, जेवण, बजेट), व्हिडिओ कोऑर्डिनेटर, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे जीए, आणि सगळ्यात खाली विद्यार्थी मॅनेजर. शिरायचं ते खालून.

मॅनेजर आणि सराव-खेळाडू

मॅनेजर व्हायला त्या कॉलेजचं पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं. काम म्हणजे सरावाच्या ४५ मिनिटं आधी बॉल, पाणी, घड्याळ लावणं, ड्रिलमध्ये रिबाउंड घेऊन पास देणं, मजला पुसणं, वरच्या गॅलरीतून सरावाचं चित्रीकरण करणं, आकडे लिहिणं. डिव्हिजन एकमध्ये मॅनेजरने खेळाडूला शिकवायचं नाही. 'कोपर आत घे' एवढं सांगितलं तरी नियमाच्या भाषेत ते कोचिंग झालं. उत्साही मुलं नेमकी इथे चुकतात.

चित्रीकरण सोपं वाटतं, पण पहिली पारख तिथेच होते. कॅमेऱ्यात दहाही खेळाडू सतत हवेत, कारण बॉलमागे कॅमेरा फिरवला की दुसऱ्या बाजूचा हेल्प डिफेन्स (सहकारी खेळाडूच्या मदतीला येणारा बचाव) दिसत नाही आणि ती फिल्म कोचच्या काहीच कामाची राहत नाही. प्रत्येक ड्रिलची वेगळी क्लिप करून तिला नाव द्यावं आणि सराव संपल्यावर तासाभरात अपलोड करावी.

महिला बास्केटबॉलची एक खास सोय म्हणजे पुरुष सराव-खेळाडू. बहुतेक मोठे संघ कॉलेजातल्याच मुलांचा गट तयार करतात. ही मुलं पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या चाली शिकून सरावात त्या संघाची भूमिका करतात. पैसे मिळत नाहीत, बूट-कपडे मिळतात. नोंदणी, वैद्यकीय तपासणी आणि कॉम्प्लायन्स (नियमपालन) ऑफिसची सही झाल्याशिवाय कोर्टवर पाऊल ठेवायचं नसतं. पन्नासेक प्रतिस्पर्धी चाली वर्षभरात पायाखालून जातात, म्हणून कोचिंगचा विचार असलेल्या मुलाला एवढी स्वस्त शाळा दुसरी नाही. फक्त जोर दाखवायचा मोह आवरावा. तुम्हाला ज्या पाच नंबरच्या खेळाडूची भूमिका दिली आहे तिच्यासारखंच खेळायचं. तुम्ही उडी मारून ब्लॉक केलेला शॉट कोचच्या डोक्याला ताप होतो.

जीए: अर्ज कधी, कसा

जीएची जागा साधारण दोन वर्षांची. ट्यूशन माफ किंवा निम्मी, वर थोडा स्टायपेंड, आणि त्यात मास्टर्स होऊन जातं. टेनेसीच्या पॅट समिट १९७४ मध्ये अशाच जीए म्हणून आल्या होत्या. हेड कोचने जागा सोडली आणि २२ व्या वर्षी संघ त्यांच्या हाती आला. महिना २५० डॉलर पगार, गाडी स्वतः चालवायची, कपडे स्वतः धुवायचे. पुढे १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं झाली. आज २२ व्या वर्षी टेनेसी कोणाला मिळणार नाही, पण जीएच्या जागेला दारातली जागा का म्हणतात ते यावरून कळतं.

एक फरक लक्षात ठेवा. डिव्हिजन एकमध्ये जीएला सहसा मॅनेजरच्याच मर्यादा असतात, त्यामुळे कोर्टवर शिकवायला मिळेलच असं नाही. डिव्हिजन दोन आणि तीनमधला जीए मात्र ड्रिल घेतो, बेंचवर बसतो, रिक्रूटिंगचे फोन करतो. नाव मोठं हवं की हात बसायला हवा हे आधी ठरवा. आमच्या मते पहिल्या दोन वर्षांत हात बसलेला बरा. मोठ्या संघात फिल्म कापण्यापलीकडे काही न केलेला उमेदवार मुलाखतीत 'एखादं डिफेन्सचं ड्रिल फळ्यावर मांडून दाखवा' म्हटल्यावर अडखळतो.

नोकऱ्यांचा हंगाम मार्च ते मे. संघ हरून बाहेर पडले की हेड कोच बदलतात, नवा कोच आपली माणसं आणतो, त्यांच्या जुन्या जागा रिकाम्या होतात आणि साखळी खालपर्यंत येते. जाहिराती एनसीएएच्या मार्केटवर आणि हायरएडजॉब्सवर येतात. मात्र जाहिरात लागेपर्यंत दोन-तीन नावं बहुधा चर्चेत आलेली असतात, म्हणून ओळख आधी हवी. कोच संघटना डब्ल्यूबीसीए दरवर्षी फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या) शहरात अधिवेशन भरवते. या क्षेत्रातली निम्मी बोलणी तिथल्या हॉटेलच्या लॉबीत होतात. कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंना कोचिंगकडे वळवण्यासाठी याच संघटनेचा वेगळा कार्यक्रमही आहे.

ईमेल हेड कोचला नको, डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सला किंवा सगळ्यात तरुण असिस्टंटला लिहा. वाचणारे तेच असतात. पाच-सहा ओळी, एक पानाचा बायोडेटा आणि त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या एखाद्या प्रतिस्पर्ध्यावर तुम्ही केलेला एक पानी स्काउट रिपोर्ट (त्या संघाच्या खेळाचा अभ्यास). 'मला बास्केटबॉलचं वेड आहे' ही ओळ प्रत्येक अर्जात असते, ती गाळा. कुठलं सॉफ्टवेअर येतं ते लिहा: सिनर्जी, हडल स्पोर्ट्सकोड, फास्टड्रॉ. खोटं लिहू नका, कारण रुजू झाल्या दिवशीच काम हातात पडतं.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी यात तीन गोष्टी. सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपुरतंच चालतं. जीएच्या पत्रात २० तासच लिहिलेले असतात, पण बास्केटबॉलचं काम हंगामात त्यात कधीच मावत नाही, आणि 'उरलेलं हौसेने केलं' हे उत्तर व्हिसाच्या बाबतीत धोक्याचं आहे. तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधीच विचारून कामाची वाटणी लेखी घ्या. दुसरं, पदवीनंतरचं ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) १२ महिन्यांचं. स्पोर्ट्स मॅनेजमेंटला सहसा पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) मुदतवाढ मिळत नाही, डेटा सायन्सला मिळू शकते. पुण्या-मुंबईहून डेटा किंवा कॉम्प्युटरच्या मास्टर्सला गेलेल्या मुला-मुलींनी संघाच्या आकडेवारीचं काम मागावं ते यासाठीही. मधल्या थरातल्या संघांकडे असं माणूस क्वचितच असतं. तिसरं, विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेबाहेर येतात, म्हणजे लॉटरी नाही. पण असिस्टंट कोचच्या पदासाठी तो कागद चालवायचा की नाही हे विद्यापीठ ठरवतं. ते मुलाखतीच्या शेवटी सरळ विचारा. नोकरी स्वीकारल्यावर विचारून उपयोग नाही.

स्काउट: नाव इथे होतं

असिस्टंट झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला हंगामातले आठ-दहा प्रतिस्पर्धी येतात. डिव्हिजन एकमध्ये प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन बघायला साधारणपणे बंदी आहे, सगळं फिल्मवरून करावं लागतं. कॉन्फरन्सचे (आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणारे) सामने बऱ्याच ठिकाणी गुरुवार-रविवार असतात. म्हणजे गुरुवारी रात्री एक सामना संपतो आणि शुक्रवारी दुपारी रविवारचा स्काउट खेळाडूंसमोर हवा. तो बुधवारीच तयार नसेल तर नाकी नऊ येतात.

पद्धत अशी. प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने घ्या, त्यात एक तरी ते हरलेला आणि एक तुमच्यासारखं खेळणाऱ्या संघाविरुद्धचा. पहिल्यांदा आवाज बंद करून नुसतं बघा, काही कापू नका. दुसऱ्यांदा प्रत्येक पझेशनला (बॉल ताब्यात असण्याच्या प्रत्येक खेपेला) खूण करा: कुठली चाल, कोणी शॉट घेतला, कुठून. तिसऱ्यांदा फक्त बेसलाइन आणि साइडलाइनचे इनबाउंड (रेषेबाहेरून बॉल आत घेणं), टाइम-आउटनंतरची पहिली चाल आणि क्वार्टरची शेवटची ४० सेकंदं. कोच लोक टाइम-आउटनंतर आपली लाडकी चालच काढतात. पाच सामन्यांत तीच चार वेळा दिसली तर ती रविवारीही येणार.

आकड्यांत चार गोष्टी पुरेत: इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी (तीन गुणांच्या शॉटला जास्त वजन देणारी), टर्नओव्हरचं प्रमाण, आक्रमक रिबाउंडचा वाटा, आणि किती फ्री थ्रो मिळवतात. पन्नास आकड्यांचा तक्ता कोणी वाचत नाही.

आता खेळाडूंपर्यंत काय पोचवायचं? कागद एकच, दोन्ही बाजूंनी. पुढे खेळाडूंची माहिती, मागे पाच चाली आणि तीन मुद्दे. एका खेळाडूबद्दल दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलंत तर ती लक्षात राहत नाही. 'चांगली ड्रायव्हर, शूटही करते' हे निरुपयोगी, कारण त्यावरून डिफेंडरने काय करायचं ते ठरत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'क्र. १२, डावखुरी. डावीकडे गेली तर रिमपर्यंत जाते, उजवीकडे ढकललं तर दोन ड्रिबलनंतर थांबून शॉट घेते. क्लोजआउट तिच्या डाव्या हातावर, हात वर, उडी नाही.' क्लोजआउट म्हणजे शूटरवर धावून जाऊन तिला अडवणं; ही ओळ वाचून मुलीला पायाची जागासुद्धा कळते.

फिल्मची बैठक १०-१२ मिनिटांची. प्रत्येक महत्त्वाच्या खेळाडूच्या सहा-आठ क्लिप, प्रत्येकी आठ-दहा सेकंदांच्या. इथली ठरलेली चूक म्हणजे फक्त बास्केट झालेल्या क्लिप कापणं. मुलींना वाटतं, ही चुकतच नाही. तिच्या चुकलेल्या शॉटच्या दोन क्लिप घाला आणि डिफेंडरने तिथे काय केलं ते दाखवा. दुसरी चूक जास्त नुकसानीची असते. असिस्टंटला आपण किती बघितलं हे दाखवायचं असतं म्हणून तो अकरा चाली शिकवतो. सामन्यात मुली विचार करत उभ्या राहतात आणि एक पाऊल उशिरा पोचतात. पाचच शिकवा. सहावीवर बास्केट झाली तर झाली.

फिबाचा खेळ बघून आलेल्यांनी स्काउट करताना इथले काही नियम मनात पक्के ठेवावेत, काही वेगळे, काही तेच. शॉट क्लॉक ३० सेकंदांचा. दहा-दहा मिनिटांची चार क्वार्टर्स (हे महिलांच्या खेळात २०१५-१६ पासून, पुरुषांचं अजून वीस-वीसचं). पाचव्या टीम फाउलपासून दोन फ्री थ्रो, आणि मोजणी दर क्वार्टरला नव्याने. टाइम-आउट बॉल हातात असलेली खेळाडूही चालू खेळात मागू शकते. फिबात ते चालत नाही. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात टाइम-आउट घेतला तर बॉल पुढच्या कोर्टवरून आत घेता येतो, म्हणून एक तरी टाइम-आउट तेव्हासाठी राखून ठेवतात. तीन गुणांची रेषा २०२१-२२ पासून २२ फूट पावणेदोन इंच, म्हणजे फिबाचीच ६.७५ मीटर.

सरावाचा हिशोब

हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. फिल्म बघणं आणि वजनं उचलणं या २० तासांतच धरतात. प्रवास धरत नाहीत. सामन्याचा दिवस प्रत्यक्षात कितीही तास खाओ, ३ तासच मोजला जातो, आणि सामन्यानंतर त्या दिवशी सराव घेता येत नाही. हंगामाबाहेर आठवड्याला ८ तास, त्यात कौशल्याचं शिकवणं ४ तासांपर्यंत. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत ३० सराव. हे तास लिहून ठेवायचं काम बऱ्याचदा सगळ्यात नव्या माणसाकडे येतं. रोजच्या रोज लिहा. महिनाअखेरीस आठवून भरलेला तक्ता चौकशीत पहिल्या फटक्यात पकडला जातो, कारण सगळे सराव नेमके दोन तासांचे दिसतात.

सामन्याच्या दोन दिवस आधीचा दोन तासांचा सराव साधारण असा मांडतात:

०–१२ मिनिटं: वॉर्मअप, उडी मारून उतरणं, थांबणं, दिशा बदलणं
१२–२०: पूर्ण कोर्टवर पासिंग आणि ले-अप
२०–३५: चारास चार शेल ड्रिल (बचावाच्या जागा घोटवणारं), शेवटची पाच मिनिटं गुण मोजून
३५–५५: सराव-खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पाच चाली चालवतात, आधी चालत, मग पूर्ण वेगाने
५५–६०: पाणी, दमलेल्या पायांनी प्रत्येकी चार फ्री थ्रो
६०–८०: आपला आक्रमक खेळ, पाचास पाच; निम्म्या वेळा शॉट क्लॉक ८ सेकंदांपासून
८०–९०: बेसलाइन-साइडलाइन इनबाउंड, दोन्ही बाजूंनी
९०–११०: प्रसंग: ९० सेकंद उरली, तीन गुणांनी मागे, एक टाइम-आउट
११०–१२०: जोडीने शूटिंग, स्ट्रेचिंग

पहिल्या बारा मिनिटांना हात लावू नका. महिला बास्केटबॉलमध्ये गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाला होणारी इजा पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त दिसते, आणि ती बऱ्याचदा कोणाचा धक्का न लागता होते: उडीवरून उतरताना, धावत येऊन एकदम थांबताना, दिशा बदलताना. उतरताना गुडघा आत कलंडतो, कंबर ताठ राहते, सगळा भार एका पायावर येतो. म्हणून वॉर्मअपमध्ये दोन पायांवर, मग एका पायावर उतरण्याचे प्रकार, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि कमरेची ताकद हे नियमित घेतात. ते घेताना कोच फळ्यावर काहीतरी लिहीत असेल तर त्या बारा मिनिटांचा काडीचा उपयोग नाही. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का हे समोर उभं राहून बघावं लागतं. उशीर झाला म्हणून कापायचंच असेल तर शेवटचं शूटिंग कापा.

दुसरा बिघाड वेळेचा. नवा कोच ड्रिल समजावण्यात चार मिनिटं घालवतो आणि मुली गार पडतात. समजावणी ३० सेकंदांत, मग खेळू द्या, चूक झाली की तिथेच थांबवा, एक वाक्य बोला, पुन्हा सुरू करा. ड्रिलला नाव द्या म्हणजे पुढच्या वेळी तेवढंही बोलावं लागत नाही.

रिक्रूटिंग

बाहेरच्या लोकांना कोचचं काम सामन्याची ४० मिनिटं वाटतं. प्रत्यक्षात फोन हा कोचचा तिसरा कान असतो. डिव्हिजन एकमध्ये कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला जाण्याआधी दरवर्षी नियमांची परीक्षा पास व्हावी लागते. वर्षाचं कॅलेंडर चार प्रकारच्या काळांत वाटलेलं असतं. कॉन्टॅक्ट काळात भेटता येतं. इव्हॅल्युएशन काळात खेळ बघता येतो, पण कॅम्पसबाहेर मुलीशी किंवा पालकांशी समोरासमोर बोलता येत नाही. क्वाएट काळात भेट फक्त आपल्या कॅम्पसवर. डेड काळात समोरासमोर काहीच नाही, फोन-मेसेज चालतो. जुलैमध्ये क्लब संघांच्या मोठ्या स्पर्धांत एका हॉलमध्ये आठ-दहा कोर्ट असतात आणि भिंतीकडेला शे-दीडशे कोच बसलेले. तिथे ओळखीची मुलगी समोरून आली की मान डोलावून पुढे जायचं. गप्पा मारत उभं राहिलात तर शेजारच्या कॉलेजचा कोच ते बघतोच.

पुढच्या तीन वर्षांची यादी जागेप्रमाणे लावा: कोण कधी पास होणार, कुठली जागा रिकामी पडणार, त्या प्रत्येक जागेसाठी सहा नावं. बघताना गुण मोजू नका, ते कागदावर मिळतात. बदली करून बाहेर काढल्यावर ती बेंचवर कुठे बसते, चुकलेल्या पासनंतर मागे धावते का, कोच ओरडल्यावर चेहरा काय करते, हे फक्त हॉलमध्ये दिसतं.

गुणपत्रिका लवकर मागवा. एनसीएएच्या डिव्हिजन एकसाठी १६ कोर विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यातले १० विषय हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी झालेले हवेत, आणि या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. घोडं अडतं ते या दहांवर. शेवटच्या वर्षी कळलं तर ते उन्हाळी वर्गांनीही भरून निघत नाही. म्हणून अकरावीच्या सुरुवातीलाच कागद हातात घ्या.

गेल्या काही वर्षांत या कामाचा चेहरामोहरा बदलला. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली, २०२४ मध्ये जुनं लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला कॉलेजशी बांधून घेणारं होकारपत्र) बंद झालं. जुलै २०२५ पासून हाउस खटल्याच्या (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या) तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात: पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा भाग फुटबॉल व पुरुष बास्केटबॉल नेतात. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत महिला बास्केटबॉलची यादी १५ जणींची. परिणाम असा की दर वसंतात आपल्याच संघाला पुन्हा रिक्रूट करावं लागतं. हंगाम संपल्यावर तीन-चार दिवसांत प्रत्येक खेळाडूशी वेगवेगळं बोला: पुढच्या वर्षी किती मिनिटं, कुठली भूमिका, काय सुधारायचं. जिला खरं सांगायचं टाळाल तीच आधी पोर्टलमध्ये दिसेल. आणि जाणारीला जाऊ द्या; तिच्या नव्या कॉलेजचा कोच तुम्हालाच फोन करून विचारणार आहे, तेव्हा नीट बोला.

वर जायचं की थांबायचं

असिस्टंटपासून हेड कोचपर्यंत दोन रस्ते आहेत आणि आयोवात ते एकाच बेंचवर दिसतात. लिसा ब्लुडर १९८४ मध्ये सेंट अँब्रोज या छोट्या एनएआयए कॉलेजात हेड कोच झाल्या. तिथून ड्रेक, मग २००० मध्ये आयोवा. २०२३ आणि २०२४ असे सलग दोन अंतिम सामने गाठून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या जॅन जेन्सन ड्रेकमध्ये ब्लुडरच्याच हाताखाली खेळलेल्या. पुढे त्या तिथेच असिस्टंट झाल्या आणि आयोवातही अखेरपर्यंत सोबत राहिल्या. पहिल्या रस्त्यावर निर्णय लवकर हातात येतात: वेळापत्रक, बजेट, कोणाला खेळवायचं नाही. दुसऱ्यावर पगार बरा आणि ओळखी मोठ्या, पण तो तुमच्या हेड कोचच्या निकालांवर टांगलेला. हेड कोच गेला की सगळा स्टाफ जातो, आणि असिस्टंटचे करार बहुधा एकेक वर्षाचेच.

स्वतःचा कल ओळखणारेही थोडे असतात. फक्त रिक्रूटिंगवर नाव झालेल्या असिस्टंटला हेड कोचच्या मुलाखतीत 'खेळ किती कळतो' हा प्रश्न येतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी जबाबदारी बदलून मागा: एक वर्ष डिफेन्स, एक वर्ष पोस्टच्या खेळाडू, एक वर्ष वेळापत्रक.

हेड कोचची मुलाखत आणि करार

मुलाखतीला जाताना ४० पानी फोल्डर कोणी वाचत नाही. तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात: सध्याच्या यादीतली कोण थांबेल, पहिल्या ३० दिवसांत काय करणार, आणि स्टाफमध्ये कोण येणार. शेवटचं नुसतं ठरवून जाऊ नका, त्या माणसांशी बोलून जा.

करारात पगारापेक्षा आधी मुदत बघा. पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर तिसऱ्या वर्षी रिक्रूट विचारते, 'माझ्या पदवीपर्यंत तुम्ही असाल का?' किम मल्की यांनी २००० मध्ये लुइझियाना टेक सोडून बेलर धरलं, त्यामागे पाच वर्षांच्या कराराचाच मुद्दा होता. बेलरला त्यांनी तीन विजेतेपदं दिली. मुदतीनंतर बघा ती असिस्टंटच्या पगारांची एकूण रक्कम. ती तुटपुंजी असेल तर चांगली माणसं येत नाहीत. मग बायआउट दोन्ही बाजूंनी: काढलं तर किती आणि कधीपर्यंत, आणि तुम्ही सोडून गेलात तर किती भरायचं. प्रवास बसने की विमानाने, खेळाडूंसाठी किती पैसा, वर्षाला मोठ्या संघांकडे जाऊन पैशासाठी किती सामने खेळावे लागतात, हे लेखी विचारा. छोट्या कॉलेजचं बजेट अशा सामन्यांवर चालतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरातल्या त्या पाच पराभवांचा हिशोब तुमच्याच नावावर लागतो.

अभ्यासातली प्रगती मोजणारा एपीआर हा आकडाही मागून घ्या. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की संघ हंगामानंतरच्या स्पर्धांतून बाद होतो. आधीच्या कोचच्या काळातल्या गळतीचा फटका नव्या कोचला बसतो, आणि तो सही केल्यानंतर कळला तर करारात काहीच बदलता येत नाही.

सही झाली की पत्रकार परिषदेआधी खेळाडूंना भेटा. वीस मिनिटांची बैठक, भाषण छोटं, मग त्याच दोन दिवसांत एकेकीशी अर्धा तास. पोर्टल उघडं असेल तर तेव्हाच. फर्निचर आणि ऑफिस नंतर लावता येतं. पालकांना फोन त्याच आठवड्यात, आणि ज्या मुलींनी आधीच्या कोचला होकार दिला होता त्यांना सगळ्यात आधी.